न्यू टाउनमध्ये एका जुन्या इंजिनच्या शोधात

कोलकात्याच्या न्यू टाउनमधला पत्ता पहिल्यांदा ऐकला की हसू येतं. ॲक्शन एरिया वन, ॲक्शन एरिया टू, ॲक्शन एरिया थ्री. वाटतं, इथे रोज संध्याकाळी मारामारीचं शूटिंग होत असेल. प्रत्यक्षात रुंद रस्ते, मधोमध झाडांच्या रांगा, मेट्रोचे उंच खांब आणि काचेच्या इमारती असं सगळं शांतशांत असतं. जुन्या कोलकात्यातली ट्राम, पिवळी टॅक्सी, गर्दी डोक्यात ठेवून इथे येणारा माणूस क्षणभर गोंधळतो. आपण नवी मुंबईत तर उतरलो नाही ना?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे राजारहाटची भातशेती आणि तळी होती. १९९९ मध्ये हिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि या जमिनीवर शहर उभं राहू लागलं. टॉवरच्या मागच्या बाजूला गेलात तर ते जुनं गाव अजून भेटतं. जात्रागाछी, गौरांगनगर अशा वस्त्यांमध्ये अरुंद रस्ते आहेत, हिरवट पाण्याचे पुकुर आहेत, तळलेल्या माशांचा वास आहे आणि बॅटरीवरच्या रिक्षा आहेत, ज्यांना इथे सगळे 'टोटो' म्हणतात. पुढून शहर आणि मागून गाव. न्यू टाउन समजून घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी हिंडावं लागतं.

फिरायला येणारे लोक बहुतेक इको पार्कला जातात. ४८० एकरांचा हा परिसर आहे, मध्ये मोठं तळं, कडेने सायकलचे रस्ते. इथे जगातली सात आश्चर्यंही उभी केली आहेत. ताजमहाल, पिरॅमिड, पेट्रा, रोमचं कलोसियम, चीनची भिंत, सगळं एकाच तिकिटात. मुलं फार खूश होतात. नारकेलबागानच्या चौकात बिस्व बांग्ला गेट आहे. चार कमानींच्या मध्ये एक मोठी गोल कडी अधांतरी लटकावली आहे आणि त्या कडीत बसून जेवता येतं. संध्याकाळी दिवे लागले की फोटो छान येतात. हे सगळं बघायला एक दिवस पुरतो.

मी मात्र या जानेवारीत तिथे दहा दिवस होते आणि त्यातले निम्मे दिवस इंजिन शोधण्यात गेले.

माझी मावशी आणि काका १९८५ पासून कोलकात्यात आहेत. काकांची सरकारी बँकेत नोकरी होती. बदली होऊन आले आणि राहिलेच. भवानीपूरमध्ये भाड्याच्या घरात संसार झाला, निवृत्तीनंतर मावसभावाने न्यू टाउनमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा तिघं इथे आले. त्यांच्यासोबत आली ती काकांची कॉन्टेसा. १९९६ ची, गडद निळी, लांबलचक बॉनेटची.

आजच्या मुलांना कॉन्टेसा माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. हिंदुस्थान मोटर्स ही ॲम्बेसिडर बनवणारी कंपनी. तिचा कारखाना कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला होता, तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावच हिंदमोटर आहे. १९८४ मध्ये या कंपनीने व्हॉक्सहॉल या ब्रिटिश गाडीवरून कॉन्टेसा आणली. सुरुवातीला तिच्यात ॲम्बेसिडरचंच जुनं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं इंजिन होतं, त्यामुळे एवढं मोठं धूड धापा टाकत चालायचं. मग इसुझू या जपानी कंपनीचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं, ८८ अश्वशक्तीचं. ज्या काळात रस्त्यावर चाळीसहून कमी अश्वशक्तीच्या मारुती ८०० धावत होत्या, त्या काळात ८८ म्हणजे काय, हे काकांच्या तोंडूनच ऐकावं. हिंदी सिनेमातल्या खलनायकांनाही हीच गाडी लागायची. आज गाड्यांचे शौकीन तिला भारताची 'मसल कार' म्हणतात.

काकांसाठी ती हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जायची गाडी होती. मावशीच्या मांडीवर मोदकांचा डबा, मागे शेजारची दोन-तीन मराठी मुलं कोंबलेली. दादाच्या लहानपणीच्या सगळ्या फोटोंत कुठेतरी ते निळं बॉनेट आहेच.

गेल्या पावसाळ्यात इंजिन तापलं आणि ब्लॉकला तडा गेला. बिडाच्या ब्लॉकचा तडा वेल्डिंग करून कायमचा बुजत नाही. कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं, उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला. म्हणजे नवं इंजिन मिळण्याचा प्रश्नच नाही. जे काही मिळेल ते जुन्या बाजारातच.

हे सगळं निवांत करता आलं असतं, पण दोन कागद आले. पहिला सोसायटीचा: पार्किंगमधली बंद गाडी महिनाअखेरपर्यंत हलवा. दुसरा कागद गाडीचाच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. काकांच्या गाडीची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. बंद गाडी तपासणीला नेणार कशी? आणि नोंदणी संपलेल्या, बंद पडलेल्या तीस वर्षांच्या गाडीचं पुढे काय होतं, हे भंगारवाला सांगू शकतो. काका यावर काही बोलत नसत. संध्याकाळी खाली जाऊन गाडीवरचं कापड झटकून पुन्हा घालत, एवढंच.

दादाला ऑनलाइन जाहिरात सापडली. 'कॉन्टेसा १.८ इसुझू, रनिंग कंडिशन, डॉक्टरांची गाडी, एकच मालक.' जुन्या गाड्यांच्या व्यवहारात डॉक्टरांना एवढा मान का आहे कोण जाणे! पुण्याच्या जुन्या बाजारापासून कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत विकायला असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असते आणि डॉक्टर ती फक्त दवाखान्यापर्यंतच नेत असतात.

विकणाऱ्याने आम्हाला न्यू टाउनमधल्याच एका वातानुकूलित कॅफेत बोलावलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी सफाईदार. मावशीसाठी खुर्ची ओढून दिली, काकांना 'सर' म्हणाला. फोनवर व्हिडिओ दाखवला: लोखंडी स्टँडवर इंजिन, चांदीसारखं चकचकीत, घरघर एकसारखी. किंमत ७० हजार. आणखी दोन गिऱ्हाइकं रांगेत आहेत, म्हणून आजच इसार द्यावा लागेल. दादाने यूपीआयवरून पाच हजार पाठवले. माणसाने लगेच आरसीची झेरॉक्स आणि इंजिन नंबरचा फोटोही पाठवला. दोन्ही नंबर अक्षरन् अक्षर जुळत होते.

मला तो माणूस आवडला होता, हे सांगायला हवं. न्यू टाउनला शोभेल असाच होता तो. सगळं स्वच्छ, वेळेवर आणि हसतमुख.

इंजिन बघायला जाताना दादाने जात्रागाछीचा त्याचा मिस्त्री सोबत घेतला. पन्नाशीचे गृहस्थ, चाळीस वर्षं ॲम्बेसिडर आणि कॉन्टेसाच उघडत आलेले. ते काकांना 'काकू' म्हणत. बंगालीत काकू म्हणजे काका! मावशी प्रत्येक वेळी वळून बघायची. त्यांच्या खांद्यावर एक मळकी पिशवी होती, त्यात कॉम्प्रेशन गेज, प्लग काढायचा पाना, रॉकेलची बाटली आणि एक जुनं बनियन.

गोदाम राजारहाटच्या जुन्या भागात, मुख्य रस्त्यापासून बरंच आत होतं. इंजिन व्हिडिओत होतं तसंच, स्टँडवर, चकचकीत. आम्ही पोहोचायच्या आधीच ते सुरू होतं. विकणारा अभिमानाने म्हणाला, "बघा, एका चावीत लागतं."

मिस्त्रींनी त्याला आधी इंजिन बंद करायला सांगितलं आणि स्वतः एका खोक्यावर जाऊन बसले. विडी पेटवली. दादाने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, गार होऊ दे. गरम इंजिन सगळ्यांचंच लागतं. त्याची खरी तब्येत सकाळी, थंड असताना कळते. आपल्याकडेही जुनी गाडी घ्यायला गेलात आणि बॉनेट आधीच गरम असेल तर हेच करा. चहा प्या, गप्पा मारा, तासभर थांबा. विकणाऱ्याला घाई असेल तर तीसुद्धा एक माहितीच असते.

त्या तासाभरात मी त्यांच्याकडून जे ऐकलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. जुन्या इंजिनला रंग का मारतात? कारण तेलाचा ओघळ कुठून येतो ते झाकायला रंगाइतकं स्वस्त काही नाही. मूळचं कळकट इंजिन बघायला वाईट दिसतं, पण ते खोटं बोलत नाही. तेल जाणूनबुजून जाड घालतात, म्हणजे झिजलेलं इंजिनही दोन-चार दिवस कमी आवाज करतं, धूर कमी सोडतं. चारही स्पार्क प्लग कोरे करकरीत असतील तर जुने प्लग दाखव म्हणावं. जुना प्लग म्हणजे इंजिनची जीभ. वैद्य जीभ बघतो ना, तसं. काळा ओलसर प्लग सांगतो की तेल जळतंय, खडूसारखा पांढरा सांगतो की इंजिन तापत होतं. इथे चारही प्लग नवे होते. जुने कुठे आहेत? फेकले.

तेलाचं झाकण उघडून त्यांनी बोट फिरवलं. बोटावर ताकासारखी पांढुरकी साय आली. तेलात पाणी मिसळलं की असं होतं. पावसाळ्यात दमटपणानेही थोडी साय धरते, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नये, असं त्यांनीच सांगितलं. मग गेज बाहेर काढलं.

कॉम्प्रेशन टेस्ट ही फार सोपी गोष्ट आहे. सगळे प्लग काढायचे, एकेका भोकात गेज लावायचं, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून स्टार्टर मारायचा. सिलिंडर हवा किती दाबतो ते काट्यावर दिसतं. साध्या पेट्रोल इंजिनमध्ये साधारण १५० च्या आसपास किंवा वर आकडा हवा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही आकडे जवळपास सारखे हवेत. पहिल्या सिलिंडरचा आकडा आला १५०. दुसऱ्याचा ९५. तिसऱ्याचा ९०. चौथ्याचा १४५.

मिस्त्रींनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा वर गेला असता. आकडा हलला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले आणि तेलात पाणी, म्हणजे दोघांच्या मधली हेड गॅस्केट गेलेली. इंजिन सडकून तापलेलं असणार. डॉक्टर दवाखान्यापर्यंत बरेच जोरात जात असावेत.

विकणाऱ्याचा चेहरा अजून हसराच होता. तो म्हणाला, गॅस्केट किती रुपयांची! मी पाच हजार कमी करतो. आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं. गॅस्केट बदलता येते. हेड वाकलं असेल तर प्लेन करून घेता येतं. दादाही तयार झाला होता, कारण महिनाअखेर जवळ आली होती.

मिस्त्रींनी मग बनियन रॉकेलमध्ये भिजवलं आणि ब्लॉकवर जिथे इंजिन नंबर ठोकलेला असतो ती जागा पुसायला लागले. चांदीचा रंग निघाला. खाली लोखंड दिसलं, पण ते बाकीच्या ब्लॉकसारखं नव्हतं. तिथे ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक अर्धगोल रेघा होत्या आणि जागा किंचित खोलगट झाली होती. आकडे एका रेषेत नव्हते, शेवटचे दोन थोडे कललेले. त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवरून फिरवलं. "दिदी, डोळ्याला फसवता येतं, बोटाला नाही."

नंबर आरसीशी जुळत होता, कारण तो आरसी बघूनच ठोकला होता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण जुनं इंजिन घेणारे बहुतेक लोक धूर, आवाज आणि किंमत बघतात, नंबर फक्त वाचतात. गाडीच्या नोंदणीत चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी घेऊन नवा नंबर नोंदवावा लागतो आणि ते इंजिन कुठून आलं याचे कागद द्यावे लागतात. तपासणीच्या वेळी अधिकारी नेमकी हीच जागा बघतो. घासलेला नंबर सापडला की पहिला संशय चोरीचा. मूळ इंजिन कुठल्या गाडीतलं होतं हे शोधायची सोय त्या ग्राइंडरने संपवलेली असते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा पूर्वीच्या दंडसंहितेच्या कलम ४११ प्रमाणे गुन्हा होता, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. आणि रेघा डोळ्यांनी बघूनही घेतलं, तर माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणजे गॅस्केट गेलेलं इंजिन आठ दिवसांत बरं होतं, पण नंबर घासलेलं इंजिन कोणताच मिस्त्री बरा करू शकत नाही. ते बसवलं असतं तर मार्चमध्ये काकांची चांगली, स्वच्छ कागदांची गाडीही त्याच्यासोबत बुडाली असती.

हा धंदा काही कोलकात्याचाच नाही. उत्तर प्रदेशात मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या कापून विकायचा मोठा बाजारच होता. पोलिसांनी तो डिसेंबर २०२१ मध्ये बंद केला.

काका इतका वेळ गप्प होते. ते विकणाऱ्याजवळ गेले आणि बँकेत खातेदाराशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "आमचा इसार परत करा." तो म्हणाला, संध्याकाळी पाठवतो. संध्याकाळी फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. दादाने पोलिसांत तक्रार दिली, व्हिडिओ, आरसीची झेरॉक्स आणि पैसे पाठवल्याची नोंद जोडली. ऑनलाइन पैसे देऊन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, हे मात्र लक्षात ठेवा. पाच हजार अजून आलेले नाहीत.

दोन दिवसांनी मिस्त्री म्हणाले, चला, मल्लिक बाजारला जाऊ. मावशीने कपाळावर हात मारला. कोलकात्यात जुन्या पार्टसाठी मल्लिक बाजार जितका प्रसिद्ध आहे तितकाच बदनाम. आपल्या चोर बाजाराबद्दल म्हणतात तसंच इथेही म्हणतात की सकाळी गाडीचा आरसा गेला तर दुपारी इथे येऊन विकत घ्या.

न्यू टाउनहून तिकडे जाणं हाच एक प्रवास आहे. चिंगडीघाट्याच्या गर्दीतून बायपासला लागायचं, डाव्या हाताला दूरवर पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन, मग 'मा' उड्डाणपुलावरून थेट पार्क सर्कस. पूल उतरला की शहराचं वयच बदलतं. हॉर्न, हातगाड्या, बिर्याणीच्या पातेल्यांचे लाल फडके. इथल्या बिर्याणीत बटाटा असतो आणि बटाट्याशिवाय वाढली तर लोक भांडतात. मला तो बटाटा मांसापेक्षा जास्त आवडला, हे कोलकात्यात मोठ्याने सांगायला हरकत नाही.

मल्लिक बाजार हा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड आणि पार्क स्ट्रीट मिळतात त्या चौकालगतचा भाग. दुकानं म्हणजे अरुंद गाळे. छतापासून लटकलेले सायलेन्सर, भिंतीला टेकवलेले दरवाजे, पोत्यांवर मांडलेले दिवे, आणि फुटपाथवर तेलाने काळी झालेली इंजिनं. चौकाजवळच लोअर सर्क्युलर रोडची दफनभूमी आहे, जिथे कवी मायकेल मधुसूदन दत्त यांची कबर आहे. थोडं पुढे पार्क स्ट्रीटवर १७६७ सालची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी. मेलेली माणसं भिंतीच्या आत आणि मेलेल्या गाड्या भिंतीच्या बाहेर, असा शेजार आहे. दादा आणि मिस्त्री भाव करत होते तेव्हा मी तासभर या जुन्या दफनभूमीत हिंडून आले. शेवाळलेले उंच मनोरे, मोठी झाडं आणि कमालीची शांतता. कोलकात्याला गेलात तर चुकवू नका. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स इथेच आहेत.

परत आले तेव्हा मंडळी एका गाळ्यापुढे मातीच्या भांड्यातून चहा पीत बसली होती. दुकानाचे मालक सत्तरीचे चाचा. त्यांच्या पायाशी एक इसुझू इंजिन पडलं होतं. रंग नाही, पुसलेलंही नाही, वर कोळ्याचं जाळं. आमच्या चकचकीत इंजिनपुढे ते भिकारी दिसत होतं.

चाचांनी पहिलंच वाक्य टाकलं: हे कॉन्टेसाचं नाही. ॲम्बेसिडरचं आहे. नव्वदच्या दशकात ॲम्बेसिडरलाही हेच १.८ इसुझू बसवत, तिला १८०० आयएसझेड म्हणत. पण तिच्यात ते ७५ अश्वशक्तीचं होतं, तुमच्या गाडीत ८८ चं. आता कॉन्टेसाचं म्हणून विकलं असतं तर तुम्हाला कळलं असतं का? मिस्त्री हसले. त्यांना कळलं असतं, आणि ते चाचांना ठाऊक होतं. दोघांची ओळख तीस वर्षांची. या बाजारात इमान किती आणि तीस वर्षं तोंड दाखवायची सोय किती, हे मला नक्की सांगता येणार नाही. पण कॅफेतला माणूस आम्हाला पुन्हा कधी भेटणार नव्हता आणि चाचा उद्याही याच फळीवर बसणार होते, एवढा फरक होताच.

दुसरं वाक्य: तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा बसल्यात, त्या बदलाव्या लागतील. गेज लावलं. १५५, १५०, १२०, १५०. तिसऱ्यात तेल ओतल्यावर काटा १४५ वर गेला. अगदी त्यांनी सांगितलं तसं. नंबरची जागा रॉकेलने पुसली तर खाली कारखान्यातले सरळ, एकसारखे आकडे आणि भोवती ब्लॉकचा मूळ खरबरीतपणा. कागद म्हणून त्या ॲम्बेसिडरची आरसी आणि ती मोडीत काढल्याची पावती, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली. किंमत ४८ हजार, पक्क्या पावतीसह.

आता प्रश्न काकांचा होता. तेरा घोडे कमी! चाळीस वर्षांपासून ज्यांनी ॲम्बेसिडरला 'म्हैस' म्हटलं, त्यांच्या कॉन्टेसात ॲम्बेसिडरचं काळीज बसणार. दादा समजूत घालायला लागला की आपला कार्बोरेटर लावू, थोडा फरक भरून निघेल. काकांनी त्याला थांबवलं. वाकून इंजिनवरचं जाळं बाजूला केलं, नंबरवरून दोनदा बोट फिरवलं आणि चाचांना विचारलं, "ही ॲम्बेसिडर कोणाची होती?" चाचा म्हणाले, "एका मास्तरांची. रोज चालवायचे, म्हणून रिंगा गेल्या."

"डॉक्टरांची नाही ना? मग द्या."

इंजिन छोट्या टेम्पोतून जात्रागाछीला आलं. पण बसवायच्या आधी दादा कागद घेऊन बेलतल्याच्या परिवहन कार्यालयात गेला आणि इंजिन बदलाचा अर्ज केला. जुन्या आणि नव्या दोन्ही इंजिनांचे नंबर, चाचांची पावती, मास्तरांच्या गाडीची आरसी. तिथे दोन फेऱ्या जास्त झाल्या, त्या कुठल्याही शहरात होतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी अर्जाची पोच बघून मार्चपर्यंत मुदत वाढवून दिली. मिस्त्रींच्या शेडमध्ये रिंगा बदलायचं काम सुरू झालं आणि मी पुण्याला परतले. निघताना मावशीने नोलेन गुडाचे संदेश बांधून दिले. खजुराच्या रसाचा हा गूळ फक्त थंडीत मिळतो, त्यामुळे न्यू टाउन बघायचं तर डिसेंबर-जानेवारीतच जा, एवढं माझं ऐका.

गेल्या आठवड्यात दादाने व्हिडिओ पाठवला. बॉनेट उघडं, इंजिन काळंच, रंग न मारलेलं. सुरुवातीला काही वेळ नुसता काकांचा हात दिसतो. ते तळहात रेडिएटरवर ठेवतात, मग ब्लॉकवर, मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "गार आहे हं. बघून घ्या." आणि मग चावी फिरवतात. पहिल्यांदा नाही लागत. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागतं, आणि मागून मावशीचा आवाज येतो, "अहो, आधी दार तरी लावा."